आपल्या अंगावरचे जंतू आणि स्तनाचं इम्प्लांट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात सभासद व कुटुंबीयांसमोर केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "स्तनाच्या कर्करोगानंतर बसवतात त्या इम्प्लांटबद्दल आणि त्याला होणाऱ्या संसर्गाबद्दल बोलते." ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, "नोटीस बोर्डावर 'महिलांचे आरोग्य' एवढंच लिहू का?" त्यांची अडचण मला कळते. पण 'छातीचं ऑपरेशन', 'तिकडचं दुखणं' असं म्हणत म्हणत बायका गाठ लपवतात आणि ऑपरेशननंतरचा तापही लपवतात. म्हणून आज मी 'स्तन' हा शब्द दहा-वीस वेळा उच्चारणार आहे. ऐकायची सवय होऊ द्या.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. जखमेतला पू, लघवी, रक्त, थुंकी यांचे नमुने यायचे. ते काचेच्या बशीत वाढवायचे, कोणता जंतू आहे ते ओळखायचं आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो ते लिहून द्यायचं. तेव्हा मी बोलणार ते जंतूंच्या बाजूनं. उपचाराचा निर्णय तुमच्या सर्जनचाच.

आधी हा विषय आपल्या दाराशी किती आलाय ते बघा. भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आज स्तनाचा आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्यानं झाला. त्यातल्या बऱ्याच जणींचा पूर्ण स्तन काढावा लागतो. त्याला मॅस्टेक्टॉमी म्हणतात. त्यानंतर स्तनाचा आकार पुन्हा उभा करता येतो, म्हणजेच पुनर्रचना करता येते. ही गोष्ट आपल्याकडे अनेकींना कुणी सांगतच नाही.

पुनर्रचनेचे मुख्य दोन मार्ग. एक, स्वतःच्याच पोटाचं किंवा पाठीचं मांस-कातडं घेऊन. दुसरा, सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून. कधी ते लगेच बसवतात, तर कधी आधी एक रिकामी पिशवी ठेवून ती काही आठवडे सलाईननं थोडी थोडी फुगवतात, कातडी ताणून जागा करतात आणि मग कायमचं इम्प्लांट घालतात.

पहिला मार्ग आपल्या मातीत जुना आहे. टिपूच्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक गाडीवान पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे १७९३ च्या सुमारास पुण्याकडे विटा करणाऱ्या समाजातल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकीकत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या कारागिरानं कातडी कपाळापासून पूर्ण तोडली नव्हती. एक देठ ठेवला होता, त्यातून रक्त येत राहिलं आणि म्हणून ती जगली. रक्त पोचतं तिथं मांस जगतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागेल.

सिलिकॉनचं इम्प्लांट त्या मानानं कालचं. पहिलं बसवलं १९६२ मध्ये, अमेरिकेत ह्यूस्टनला. ते मऊ आहे, टिकाऊ आहे, ऑपरेशन तुलनेनं लहान आहे. पण त्यात रक्तवाहिनी नाही. सगळी गोम तिथं आहे.

आता आपल्या अंगावरच्या जंतूंकडे येऊ. आपण एकटे नसतो. २०१६ मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. या सगळ्या वस्तीला आणि तिच्या कारभाराला 'मायक्रोबायोम' म्हणतात. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या अंगावरच्या आणि आतड्यातल्या जिवाणूंवर बरंच काम केलं आहे.

ही वस्ती समजायला आपली सोसायटीच घ्या. इथं कायमचे सभासद आहेत. ते जिना झाडून घेतात, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवतात, अनोळखी माणूस दिसला तर "कुणाकडे?" म्हणून विचारतात. कातडीवरचे बहुतेक जिवाणू असेच. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा त्यातला जुना सभासद. आपण त्याला घर देतो, तो बाहेरच्याला सहज शिरू देत नाही. दुधाला विरजण लावून ठेवलं की त्यात दुसऱ्या कुणाला लवकर जम बसवता येत नाही, तसंच हे. बासुंदीच्या गावात दुधाचं जास्त काय सांगू!

काखेत एक वस्ती, नाकात दुसरी, आतड्यात तिसरी. स्तन आतून अगदी निर्जंतुक असतो अशी पूर्वी समजूत होती. २०१४ मध्ये कॅनडा आणि आयर्लंडमधल्या स्त्रियांच्या स्तनाच्या ऊती तपासल्या, तर तिथंही जिवाणूंची स्वतःची वस्ती सापडली. दुधाच्या नलिका स्तनाग्राशी बाहेर उघडतात, तेव्हा त्यात फार नवल नाही. म्हणजे सर्जननं कितीही स्वच्छता पाळली तरी ऑपरेशनची जागा काचेच्या भांड्यासारखी कोरी नसते.

मग एरवी काही होत नाही आणि इम्प्लांट बसवल्यावर का होतं? याचं उत्तर १९५७ च्या एका प्रयोगात आहे. एलेक आणि कॉनेन या लंडनच्या दोघा संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू मुद्दाम टोचले. नुसत्या कातडीत गळू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले. पण तिथं रेशमाचा एक टाका घातला, तर काही शेकडा जंतूंनीच पू झाला. एका दोऱ्यानं एवढा फरक! इम्प्लांट तर त्या दोऱ्यापेक्षा कितीतरी मोठी परकी वस्तू.

पांढऱ्या पेशी हे आपल्या शरीराचे वॉचमन. ते रक्तातून फिरतात. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर रक्त पोचत नाही. म्हणजे तो असा फ्लॅट, की ज्याच्या मजल्यावर वॉचमन जातच नाही. तिथं चार जंतू जाऊन बसले, की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्याला 'बायोफिल्म' म्हणतात. पावसाळ्यानंतर घाटाच्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर बसतो तो आठवा. कितीही बादल्या ओता, पाणी वरून वाहून जातं. तो घासूनच काढावा लागतो. बायोफिल्मवर अँटिबायोटिकचं तसंच होतं. वरचे मरतात, तळाचे राहतात. म्हणून संसर्ग मुरला तर शेवटी इम्प्लांटच काढावं लागतं. आणि कातडीवर पाहुण्यासारखा सभ्य वागणारा तो जुना सभासद एपिडर्मिडिस, तोच इथं थर करण्यात सर्वांत तरबेज.

हे किती वेळा होतं? निरनिराळ्या रुग्णालयांच्या अहवालांत मॅस्टेक्टॉमीनंतरच्या इम्प्लांटमध्ये संसर्गाचं प्रमाण १ टक्क्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत दिलेलं आहे. एवढा फरक का? कारण रुग्ण वेगळे. स्तन काढल्यावर उरलेली कातडी पातळ असते, तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा. नळी म्हणजे ड्रेन लावलेली असते. केमोनं पांढऱ्या पेशी घटतात, रेडिएशननं कातडी आवळते. त्यात मधुमेह, वजन आणि तंबाखू यांची भर. केवळ सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवणाऱ्या निरोगी स्त्रियांत हे प्रमाण बरंच कमी असतं.

इथं प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. संसर्ग झाला की केमो किंवा रेडिएशन पुढे ढकलावं लागू शकतं. कर्करोगाच्या उपचारात ते आठवडे मोलाचे असतात.

आता यातलं आपल्या हातात काय आहे ते सांगते. माझ्या एका चुलत जावेचंच उदाहरण घेते. तिनं स्वतः सांगितलं, "ताई, माझं सांगा खुशाल, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." तिचं ऑपरेशन पुण्याला झालं. त्याआधी तिच्या नाकातला स्वॅब घेतला. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला. मग पाच दिवस नाकाला म्युपिरोसिनचं मलम आणि क्लोरहेक्सिडिनच्या साबणानं आंघोळ. तिनं मला फोन करून विचारलं, "ऑपरेशन छातीचं आणि मलम नाकाला?" प्रश्न बरोबर होता. साधारण दहा माणसांत तिघांच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो. नाकाला हात, हाताचा कातडीला, कातडीवरून जखमेत, असा त्याचा रस्ता. नेदरलँड्समध्ये असा जंतू बाळगणाऱ्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मलम आणि साबण वापरलेल्यांत या जंतूचा रुग्णालयातला संसर्ग ३.४ टक्के आणि न वापरलेल्यांत ७.७ टक्के. सगळ्याच ऑपरेशनला हे लागतं असं नाही, पण "नाकाचा स्वॅब घ्यायचा का?" हे सर्जनला विचारायला पैसे पडत नाहीत.

तिच्या ऑपरेशनच्या सकाळी घरातल्या कुणीतरी काखेतले केस ब्लेडनं काढायला सांगितले होते. तिनं ते केलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे, की ऑपरेशनआधी रेझरनं केस काढू नयेत. काढायचेच असतील तर मशीननं कापावेत. ब्लेडनं कातडीला न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना दार मिळतं.

ती ड्रेन घेऊन घरी आली ते दिवस भर पावसाचे. कृष्णेला पाणी चढलं, देवळात शिरलं आणि दक्षिणद्वाराचा सोहळा सुरू झाला. उत्तरेकडून आत आलेलं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. आपण तर वाडीचेच. तिच्या सासूबाई, आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलीय, एक बुडी मारून येऊ दे. देवाचं पाणी आहे."

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्याबाई, पाणी देवाचं आहे, पण ते येताना गावागावातून येतं. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, सगळ्यांचं घेऊन येतं." २०१५ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात पुण्याच्या शास्त्रज्ञांनी गोदावरीचं पाणी तपासलं होतं. लाखो लोकांच्या स्नानानं नदीतली जिवाणूंची वस्तीच बदलली आणि माणसाच्या अंगावरचे जिवाणू तिथं वाढलेले दिसले. धडधाकट माणसाची अखंड कातडी त्यांना बाहेर ठेवते. पण जिच्या कातडीत नळीसाठी भोक आहे, टाके ओले आहेत आणि आत परकी वस्तू आहे, तिच्यासाठी ते पाणी धोक्याचंच. पाण्यात आणि मातीत राहणारे सुडोमोनास आणि मायकोबॅक्टेरियाच्या जातीचे काही जंतू इम्प्लांटमध्ये शिरले तर काढता काढता नाकी नऊ येतात.

आत्याबाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग तिच्या वाटची बुडी मी मारते." आणि त्यांनी मारली. जाऊ घरी राहिली. मला वाटतं, श्रद्धा आणि जखम दोन्ही सांभाळायचा याहून सोपा मार्ग नसेल. नदी, विहीर, शेततळं, पोहण्याचा तलाव आणि महापुराचं पाणी, जखम पूर्ण भरून सर्जननं परवानगी देईपर्यंत सगळंच वर्ज्य. २०१९ च्या पुरानंतर आपण सगळ्यांनी घराघरातला गाळ उपसला. अशा वेळी घरात ताज्या ऑपरेशनची बाई असेल तर तिला आधी नातेवाइकांकडे हलवा.

तेच हळदीचं. सांगलीची हळद जगात प्रसिद्ध, ती जेवणात भरपूर घाला. पण डब्यातली हळद निर्जंतुक केलेली नसते, ती टाक्यांवर दाबायची नाही. अंगारा कपाळाला लावा, जखमेला नको. तीर्थ, तूप, कोरफड, काहीही असलं तरी ते ड्रेसिंगच्या आत जाता कामा नये.

आणि मशेरी. आपल्या भागात कितीतरी बायका सकाळी मशेरी लावतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" म्हणतात. कारण त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणं. त्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आधीच कमी रक्त मिळणारी कातडी मग काळी पडते, जखम उघडते आणि जंतू आत जातात. कावसजीच्या नाकाला जगवणारा तो देठ आठवा. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधीपासून आणि जखम भरेपर्यंत मशेरी बंद. डॉक्टरांना खरं सांगा, ते रागावणार नाहीत. रागावले तर रागावू द्या.

अँटिबायोटिकबद्दल एक गैरसमज. जास्त दिवस घेतलं की जास्त सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. प्रतिबंधक डोस चीर देण्याआधी द्यायचा असतो. संसर्ग झालेला नसताना तो ऑपरेशननंतर लांबवू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. काही सर्जन ड्रेन असेपर्यंत गोळ्या देतात, तो त्यांचा निर्णय. तुम्ही मात्र मेडिकलच्या दुकानातून स्वतःहून पट्टी आणू नका. विनाकारण घेतलेल्या औषधानं कायमचे सभासद मरतात आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये औषधाला न जुमानणारे दांडगे शिरतात.

शिवाय एक नुकसान मी प्रयोगशाळेत वारंवार पाहिलं. एका बाईच्या इम्प्लांटजवळचा पू आमच्याकडे आला होता. तिनं आठ-नऊ दिवस लाली कुणाला दाखवली नव्हती. घरात लग्न होतं, "आता कुठं सांगायचं" म्हणून हळद लावून आणि दुकानातल्या गोळ्या घेऊन तिनं दिवस काढले. नमुना आला तेव्हा बशीत काहीच उगवलं नाही. जंतू संपले नव्हते, गोळ्यांनी अर्धमेले होऊन थरात दडले होते. कोणता जंतू ते कळेना, म्हणून नेमकं औषध ठरेना. तिचं इम्प्लांट काढावं लागलं. म्हणून नमुना आधी, औषध नंतर.

माझ्या जावेलाही बाराव्या दिवशी रात्री ताप आला. ड्रेनचं पाणी आदल्या दिवसापर्यंत फिकट होतं, ते गढूळ झालं. पण तिच्याजवळ वही होती. रोज किती मिलिलिटर, रंग कसा, ताप किती, सगळं लिहिलेलं. तिनं सकाळची वाट न पाहता सर्जनना फोन केला. पहाटे गाडी निघाली. नमुना घेतला, शिरेतून औषध सुरू झालं, दोन दिवसांत जंतूचं नाव कळलं आणि औषध नेमकं केलं. तिचं इम्प्लांट वाचलं. दर वेळी वाचेलच असं मी म्हणणार नाही. पण लवकर गेलं तर वाचायची शक्यता असते.

लक्षणं लिहून घ्या. एका बाजूला जास्त गरम लागणं, सूज, वाढत जाणारं दुखणं, कातडी ताणून चकाकणं, जखमेतून स्राव किंवा वास, ड्रेनचं पाणी गढूळ होणं, थंडी वाजून ताप, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर. पुस्तकात 'लाली' लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. ती जांभळट, काळपट दिसते. म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं दोन्हीकडची ऊब ताडून बघा. पहिल्या महिना-दीड महिन्यात जास्त जपायचं, पण केमो चालू असताना आणि रेडिएशननंतरही, अगदी काही महिन्यांनीसुद्धा, ही लक्षणं दिसली तर फोन करायचा.

मुली विचारतील, मायक्रोबायोमची टेस्ट करून आधीच कळेल का? ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या ऊतींमधल्या जिवाणूंचा डीएनए वाचून, पुढे संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांची तुलना करण्याचं संशोधन चालू आहे. उद्या त्यातून काही उपयोगाचं निघेल. आज मात्र तुमच्या-आमच्या निर्णयासाठी वापरावी अशी टेस्ट बाजारात नाही. जाहिरात बघून त्यावर पैसे घालवू नका. दही-ताक जरूर खा, पण त्यानं इम्प्लांटचं रक्षण होतं असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. त्यापेक्षा साखर आटोक्यात ठेवा.

आणि इम्प्लांट घेतलंच पाहिजे असंही नाही. स्वतःच्या मांसाची पुनर्रचना आहे. ऑपरेशन लांबतं, दुसरीकडे व्रण येतो, पण त्यात रक्त वाहतं. ब्राच्या आत घालायचा कृत्रिम स्तन आहे. आणि काहीच न करता सपाट छातीनं ताठ चालणंही आहे. तिन्ही-चारी वाटा इज्जतीच्या. कोणती घ्यायची ते तिनं ठरवायचं, नवऱ्यानं नाही आणि सासूनंही नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमकं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या.

शेवटी पुरुष सभासदांना एक विनंती. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर आहे का ते आज रात्री बघा. घरात असं ऑपरेशन झालं, तर ड्रेनचं पाणी मोजायला आणि वहीत लिहायला तुम्ही शिका. तिला काय होतंय ते तिला विचारा, पुन्हा विचारा. आणि रात्री-अपरात्री मिरज, सांगली, कोल्हापूर गाठायचं झालं तर कुठल्या विंगमधली कुणाची गाडी निघेल, हे पुढच्या मासिक सभेत ठरवून टाका. पंचवीस वर्षं आपण एका जिन्यानं चढतोय-उतरतोय. एवढं एकमेकांसाठी करायला हरकत नसावी.